पोटखराबा

दंडोबाच्या उतारावर, खरशिंगच्या बाजूला,
भाद्रपदात, सकाळी साडेआठच्या सुमारास
बुटाची नाडी बांधायला वाकलो म्हणून दिसलं.
नाहीतर गवतात गवतच होतं ते.

वीतभर उंच. पानं समोरासमोर,
अरुंद, जरा तेलकट हिरवी.
आणि एकच फूल,
फूल तरी म्हणावं का?
खाली फुगीर, मध्ये नळी,
वर पाच पाती टोकाशी एकत्र आवळलेली,
जशी कुणी पिशवीच्या तोंडाला गाठ मारावी
आणि मधल्या फटी विसरून जाव्यात.
रंग पिकल्या लिंबाचा. आत जांभळे ठिपके.

मी काही झाडाझुडपांचा माणूस नाही.
बत्तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली.
मला बांध कळतो, हद्दीचा दगड कळतो,
रात्रीतून सरकवला असेल तर तेही कळतं.
सवयीनं खिशातली टेप काढली:
चार सेंटिमीटर, दोन मिलिमीटर.
वहीत लिहिलं.
पुढे काय लिहायचं ते सुचेना.

तायाप्पा सरगर शेळ्या घेऊन वर येत होता.
"सायेब, आता कुणाची मोजणी?"
मी बोट दाखवलं.
तो उकिडवा बसला. फुलाकडं पाहिलंच नाही,
बुडाची माती दोन बोटांनी चाचपली.
"खरपुडी हाय. खाली बटाट्यागत गड्डा असतोय.
ल्हानपणी उकरून खायाचो, कच्चाच. गोड लागतोय.
आता घावत न्हाईत."
कुठं गेल्या?
"खाल्ल्या की."

संध्याकाळी मिरजेला, कुंभोजकर बाईंकडं.
फोटो सात, त्यातल्या पाचांत माझा अंगठा.
बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला
आणि उलटतपासणी सुरू केली.
चीक निघाला का? तोडलं नाही.
नळीत केस होते? वाकून पाहिलं नाही.
दोन मिलिमीटर ऐकून मात्र खूश झाल्या.
"रुईच्या भावकीतलं आहे हे."
भावकी म्हटल्यावर मी सावरून बसलो.
"कंदीलपुष्प. आतले केस खाली वळलेले असतात.
चिलट आत शिरतं, त्याला परत फिरता येत नाही.
फूल त्याला कोंडून ठेवतं.
मग केस सुकतात, चिलट सुटतं, पराग घेऊन,
आणि काही न शिकता पुढच्या फुलात शिरतं."
पण ह्याचं स्वतःचं नाव?
बाईंनी दोन पुस्तकं उघडली.
एकात पान रुंद, दुसऱ्यात फूल लांब,
माझं दोघांच्या बांधावर उभं.
"कदाचित," म्हणाल्या,
आणि समासात तेवढंच लिहिलं, पेन्सिलीनं.

रात्री जुनं टिपण आठवलं.
तो उतार मीच मोजलेला, सत्त्याऐंशी साली.
दोन सख्खे भाऊ, मध्ये एक पोलीस,
आणि माझी साखळी धरायला कोणी तयार नाही.
लागवडीची जमीन काढली, मग उरलं ते:
मुरूम, खडक, एक ओघळ.
चौदा गुंठे, पोटखराबा.
खाली सही माझी. अक्षर तेव्हा बरं होतं.

किती गावांत लिहिला असेल हा शब्द,
ऊन डोक्यावर असताना, एसटी चुकेल म्हणून.
कुणी हरकत घेतली नाही कधी.
हरकत घेणारं मुरमाखाली होतं,
सुपारीएवढं, गोड,
पावसाची वाट बघत.

सकाळी बाईंचा फोन.
पुण्याहून दोघं यायचं म्हणतात,
नेमकी जागा सांगाल ना? गट नंबर, दिशा?

बत्तीस वर्षं मी दुसरं काही सांगितलंच नव्हतं.
कोर्टात, चावडीत, भावाभावांच्या शिव्यांमध्ये उभं राहून,
फुटाला फूट, इंचाला इंच.

"दंडोबाच्या कुठल्यातरी अंगाला," मी म्हणालो.
"नक्की आठवत नाही."

आणि वर मी खरशिंग लिहिलंय,
ते या कवितेपुरतं.